उन्हाळ्यात फ्रान्सला जाऊन फ्रेंच खरंच सुधारते का? एका महिन्याचं गणित समजून घ्या

दोन-तीन वर्षं फ्रेंचचे क्लास केलेले असतात. व्याकरण पक्कं असतं, परीक्षेत मार्कही चांगले पडलेले असतात. पण समोर खरा फ्रेंच माणूस बोलायला लागला की चार वाक्यांतलं एकच कळतं. मग ठरतं, एक उन्हाळा फ्रान्समध्ये काढायचा. कानावर दिवसभर फ्रेंच पडली की भाषा आपोआप येईल, असा हिशोब असतो.

या ‘आपोआप’वरच सगळा घोळ होतो. घरच्यांनी मोठा खर्च करून पाठवलेली मुलं महिन्याभरानं परत येतात, तेव्हा कुणी धडाधड बोलत असतं, तर कुणाचं इंग्रजीच सुधारलेलं असतं. कोर्स तोच, शहर तेच. मग फरक कशामुळे पडतो?

इमर्शन म्हणजे काय?

इमर्शन म्हणजे भाषेत बुडून शिकणं. भाषा हा फक्त विषय राहत नाही, जगण्याचं साधन होतं. जेवण मागायचं, रस्ता विचारायचा, भांडायचं, सगळं त्याच भाषेत.

शाळेतल्या इमर्शनचं सर्वात गाजलेलं उदाहरण कॅनडातलं आहे. क्वेबेक प्रांतातल्या सेंट-लँबर्ट इथे 1965 मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या पालकांच्या आग्रहामुळे बालवाडीच्या मुलांना फ्रेंचमधून शिकवायला सुरुवात झाली. मोठ्यांसाठीच्या उन्हाळी शाळा तर त्याहून जुन्या आहेत. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात मिडलबरी कॉलेजची उन्हाळी फ्रेंच शाळा 1916 पासून चालते. तिथे विद्यार्थ्याला लेखी शपथ घ्यावी लागते, की कोर्स संपेपर्यंत शिकायच्या भाषेशिवाय दुसरी भाषा बोलणार नाही.

फ्रान्समध्येही अशी जुनी केंद्रं आहेत. तूर शहरातली ‘अँस्तित्यू द तूरेन’ ही संस्था 1912 ची, तर विशी शहरातली ‘काव्हिलाम’ 1964 ची. पॅरिसपेक्षा अशा मध्यम आकाराच्या शहरांत राहण्याचा खर्च साधारणपणे कमी असतो.

80 तास आणि 370 तास

एक साधा हिशोब करून बघू. चार आठवड्यांचा कोर्स आहे आणि आठवड्याला 20 तास वर्ग, असं धरलं तर महिन्यात 80 तास शिकवणी होते. माणूस दिवसाला 16 तास जागा असतो. म्हणजे 28 दिवसांत जवळपास 450 तास. वर्गाचे 80 वजा केले, तरी सुमारे 370 तास उरतात.

80 तासांचा वर्ग पुण्यातही मिळतो. फ्रान्सला जाण्याचे पैसे मोजायचे ते या 370 तासांसाठी. आणि नेमके तेच हातातून निसटतात.

कारण जुलैमध्ये भाषा शिकायला जगभरातून मुलं येतात. वर्गात एक ब्राझीलचा, दोन कोरियाचे, तीन अमेरिकेचे. वर्ग सुटला की सगळ्यांना जमणारी भाषा एकच, इंग्रजी. हॉस्टेलमध्ये भारतीय मुलं भेटली तर हिंदी. रात्री घरी व्हिडिओ कॉलवर मराठी. त्यात फ्रान्समधली विद्यापीठं उन्हाळ्यात बंद असतात, त्यामुळे स्थानिक विद्यार्थी आपापल्या गावी गेलेले असतात. ऑगस्टमध्ये तर अनेक छोटी दुकानंही मालक सुट्टीवर गेल्यामुळे बंद दिसतात. फ्रान्समध्ये राहून फ्रेंच माणसाशी बोलणं मात्र होत नाही.

संशोधन काय सांगतं?

बार्बरा फ्रीड, नॉर्मन सेगालोविट्झ आणि डॅन ड्यूई या अभ्यासकांनी 2004 मध्ये फ्रेंच शिकणाऱ्या 28 विद्यार्थ्यांची तुलना प्रसिद्ध केली. एक गट आपल्याच कॉलेजात नेहमीसारखा शिकत होता. दुसरा परदेशात शिकायला गेला होता. तिसरा गट देशाबाहेर न जाता उन्हाळी इमर्शन कोर्समध्ये होता.

बोलण्याच्या ओघात सर्वाधिक प्रगती केली ती तिसऱ्या गटानं. परदेशी गेलेल्यांची प्रगती झाली, पण त्याहून कमी. यामागचं एक कारण विद्यार्थ्यांनी दिलेल्या माहितीतच होतं. परदेशी गेलेला गट वर्गाबाहेर फ्रेंचपेक्षा इंग्रजीच जास्त वापरत होता. इमर्शन गट मात्र आठवड्याला कितीतरी जास्त तास फ्रेंच बोलत आणि लिहीत होता.

आणखी एक गोष्ट पुढे आली. वर्गाबाहेर लिहिण्यात घालवलेले तास आणि बोलण्यातला ओघ यांचा संबंध दिसला. म्हणजे रोज रात्री फ्रेंचमध्ये पानभर डायरी लिहिणं वाया जात नाही. अर्थात 28 ही संख्या लहान आहे, त्यामुळे हा शेवटचा शब्द मानता येत नाही. पण देश बदलला म्हणून भाषा बदलत नाही, हे त्यातून दिसतं.

पुस्तकातली फ्रेंच आणि रस्त्यावरची फ्रेंच

पहिल्या आठवड्यात बहुतेकांना धक्का बसतो. ‘मला माहीत नाही’ याला पुस्तकात ‘ज न से पा’ शिकवलेलं असतं. रस्त्यावर ऐकू येतं ‘शे पा’. ‘आम्ही जातो’साठी ‘नूझालों’ पाठ केलेलं असतं, लोक म्हणतात ‘ऑं व्हा’. हे कानाला पडायला वर्गापेक्षा बाजार, बस आणि जेवणाचं टेबल जास्त उपयोगी पडतं.

मराठी माणसाला काही गोष्टी सोप्या जातात. फ्रेंचमधले त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत, इंग्रजीसारखे ट-डकडे झुकणारे नाहीत. तू आणि तुम्ही हा भेदही ओळखीचा आहे. फ्रेंचमध्ये ‘त्यू’ आणि ‘व्हू’. दुकानदाराशी, बसचालकाशी ‘व्हू’च वापरायचं, आणि दुकानात शिरताना आधी ‘बोंझूर’ म्हणायचं. ते न म्हणता थेट वस्तू मागणं तिथे उद्धटपणाचं समजलं जातं.

अडतं ते एका स्वरावर. ओठ ‘ऊ’सारखे गोल आणि जीभ ‘ई’च्या जागी, असा हा उच्चार मराठीत नाही. ‘दस्यू’ म्हणजे वर आणि ‘दसू’ म्हणजे खाली. एका स्वरानं अर्थ उलटा होतो.

370 तास वाचवायचे कसे?

पहिला निर्णय राहण्याच्या जागेचा. अनेक संस्था स्थानिक कुटुंबात राहण्याची सोय करून देतात. रात्रीचं जेवण कुटुंबासोबत असेल, तर रोज तास-दीड तास हमखास फ्रेंच होते. मात्र त्याच घरात आणखी परदेशी विद्यार्थी आहेत का, हे आधी विचारून घ्यावं. शाकाहारी असल्यास तेही आधीच कळवावं.

दुसरं, मित्रांशी नियम ठरवणं. समोरचा ब्राझीलचा असला तरी बोलणं मोडक्या फ्रेंचमध्येच.

तिसरं, रोज एक काम ठरवणं. बाजारात जाऊन चीज विकणाऱ्याला दोन प्रश्न विचारणं, ग्रंथालयाचं कार्ड काढणं, केस कापून घेणं. समोरच्यानं इंग्रजी सुरू केलं तरी नम्रपणे फ्रेंचमध्येच उत्तर द्यावं.

चौथं, जाण्याची वेळ. अगदी शून्यातून जाणाऱ्याला महिनाभर ओळखपाळखच पुरते. वाक्यं जुळवता येतात पण तोंड उघडत नाही, म्हणजे साधारण ए-2 किंवा बी-1 पातळीवर असलेल्याला असा उन्हाळा सर्वात जास्त देऊन जातो.

जाण्याआधी

फ्रान्सचा उन्हाळा जून ते ऑगस्ट असतो. महाराष्ट्रात तेव्हा मेची सुट्टी संपून शाळा-कॉलेजं सुरू झालेली असतात, त्यामुळे तारखा आधी जुळवाव्या लागतात. कोर्स 90 दिवसांपेक्षा कमी असेल तर अल्पकालीन शेंगेन व्हिसा लागतो. जून 2024 पासून प्रौढांसाठी त्याचं शुल्क 90 युरो आहे, आणि किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा बंधनकारक आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो.

आणि जाणं परवडत नसेल तर? 2004 च्या त्या अभ्यासातला सर्वात पुढे गेलेला गट देशाबाहेर गेलाच नव्हता. चार-पाच जणांनी सुट्टीत एकत्र येऊन रोज काही तास फक्त फ्रेंच बोलायचं आणि लिहायचं ठरवलं, तर त्या पद्धतीचा काही भाग नागपूर-नाशकातही उभा करता येतो. त्यासाठी व्हिसा लागत नाही.