शिळाछापाचीं तिकिटें आणि त्यांचे शोधक

कलकत्त्याच्या सर्व्हेअर जनरलच्या कचेरींत १८५४ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत एका नव्या तऱ्हेच्या तिकिटाची छपाई सुरू झाली. किंमत चार आणे. चौकट तांबडी, आणि तिच्यांत राणी व्हिक्टोरियाचें मस्तक निळें. रंग दोन म्हणून छापही दोन. एका छापाला चौकट उमटावयाची आणि दुसऱ्याला मस्तक. या कामांत केव्हां तरी कोणाच्या तरी हातून कागद उलटा लागला, आणि राणीसाहेबांचें मस्तक खालीं व मान वर अशीं कांहीं तिकिटें बाहेर पडलीं. तीं विकलीं गेलीं, पत्रांवर डकवलीं गेलीं, त्यांवर शिक्के बसले, आणि पुष्कळ वर्षें या चुकीकडे कोणाचें लक्षही गेलें नाहीं. आज हें तिकीट जगांतल्या अत्यंत दुर्मिळ तिकिटांत मोडतें. तें नुसतें दुर्मिळ आहे यापेक्षां तें कसें निर्माण झालें हें आज सांगतां येतें, याचें नवल अधिक आहे. कारण तें सांगण्याजोगी माहिती सरकारी दप्तरांत पुरती नव्हती. ती गोळा केली ती तिकिटें जमविणाऱ्या हौशी लोकांच्या एका मंडळानें.

टपालाचे तिकीट या देशांत आलें तें सिंधच्या वाटेनें. पूर्वीं साताऱ्यास रेसिडेंट असलेले आणि पुढें मुंबईचे गव्हर्नर झालेले सर बार्टल फ्रीअर हे सिंधचे कमिशनर असतांना त्यांनीं १ जुलै १८५२ रोजीं अर्ध्या आण्याचें वाटोळें तिकीट सुरू केलें. त्यावर ईस्ट इंडिया कंपनीचें व्यापारी चिन्ह दाबून उठविलेलें असे. एक प्रकार लाखेसारख्या तांबड्या टिकलीवर उमटविलेला होता. तो हाताळतांना तडकून त्याचे तुकडे होत, म्हणून कागदावरचीं पांढरीं व निळीं तिकिटें आलीं. हा प्रयोग एका प्रांतापुरताच होता. सबंध हिंदुस्थानास एकच दर लागू झाला तो १ ऑक्टोबर १८५४ पासून. त्यापूर्वीं अंतराप्रमाणें आकार पडे. कलकत्त्याहून मुंबईस एक तोळा वजनाचें पत्र धाडावयास एक रुपया लागे. नव्या कायद्यानें पाव तोळ्याचें पत्र देशांत कोठेंही अर्ध्या आण्यांत जाऊं लागलें. रत्नागिरीच्या एखाद्या कारकुनास मुंबईस नोकरी करून घरीं दरमहा पत्र पाठविणें परवडूं लागलें, तें या अर्ध्या आण्यामुळें.

पण एवढीं तिकिटें छापावयाचीं कोणी? कलकत्त्याच्या टांकसाळींतील कर्नल फोर्ब्स यांनीं पोलादी ठशांवरून छापण्याचा प्रयत्न केला, पण लागणारी संख्या त्या यंत्रांतून निघेना. तेव्हां सर्व्हेअर जनरलच्या खात्यांतील कॅप्टन थुइलियर यांनीं नकाशे छापण्याची शिळाछापाची रीत तिकिटांस लावली. इंग्रजी कागदपत्रांत ‘न्यूमेरोदीन’ असें ज्याचें नांव लिहिलें आहे, त्या हिंदी कारागिरानें तांब्यावर मूळ ठसा कोरला. एवढा मोठा व्यवहार ज्या हातावर उभा राहिला त्या हाताचें नांवही धड लिहिलें गेलें नाहीं, हें वाचून वाईट वाटतें. अर्ध्या आण्याचें तिकीट प्रथम हिंगुळी रंगांत छापण्यास घेतलें होतें. परंतु विलायती हिंगूळ संपला आणि देशी हिंगूळ दगडावरच्या चित्रास मानवेना, म्हणून निळा रंग धरावा लागला. हीं तिकिटें कडेला भोंकें नसलेलीं आणि बहुधा गोंदाशिवाय विकलीं जात. लोकांनीं तीं कात्रीनें कापावीं आणि खळीनें डकवावीं. चार आण्यांच्या तिकिटाची चौकट अष्टकोनी. तिच्या कडेकडेनें कापण्याचा मोह लोकांना आवरला नाहीं, आणि आज भोंवतालचा कागद शाबूत असलेलें तिकीट मिळणें कठीण झालें आहे. लंडनच्या डे ला रू कंपनीचीं तिकिटें १८५५ पासून येऊं लागलीं, आणि कलकत्त्याचे दगड बाजूला पडले.

पुढें चाळीस वर्षांनीं, १८९७ च्या मार्च महिन्यांत, कलकत्त्यास ‘फिलॅटेलिक सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष चार्ल्स स्टुअर्ट-विल्सन हे टपालखात्यांतीलच अधिकारी होते आणि पुढें त्या खात्याचे डायरेक्टर जनरल झाले. त्याच वर्षीं सोसायटीचें मासिकही निघालें. सभासद देशभर विखुरलेले. कोणी जिल्ह्याच्या ठिकाणीं, कोणी छावणींत, कोणी जंगलखात्याच्या बंगल्यांत. अशा लोकांची सभा नेहमीं भरणें शक्य नव्हतें. त्यांना बांधून ठेवणाऱ्या गोष्टी दोन: एक मासिक, आणि दुसरी अदलाबदलीचें पुडकें. असल्या मंडळांत प्रत्येक सभासद आपलीं जादा तिकिटें किंमत लिहून वहींत लावतो. त्या वह्यांचें पुडकें टपालानें एकाकडून दुसऱ्याकडे जातें. जो तिकीट काढून घेतो त्यानें रिकाम्या जागेवर आपली सही करावयाची असते. सर्व व्यवहार विश्वासावर. चांगलें तिकीट काढून त्या जागीं वाईट लावण्याची चोरी करावयाची म्हटली तर अगदीं सोपी, म्हणूनच ज्याच्यावर तसा संशय आला त्याला पुडकें पुन्हां मिळत नाहीं.

या मंडळापुढें खरा प्रश्न होता तो खऱ्याखोट्याचा. हिंदी संस्थानांचीं तिकिटें जमविण्याची युरोपांत हौस वाढली होती आणि तिच्याबरोबर बनावट मालही वाढला होता. काश्मीरचीं १८६६ पासूनचीं जुनीं तिकिटें हातांनीं, पाण्याच्या रंगांत उमटविलेलीं. पाण्यांत घातलीं कीं रंग सुटावयाचा. लाहोरचे डेव्हिड मॅसन यांनीं त्यांचा पाठपुरावा केला आणि १९०० च्या सुमारास सोसायटीनें त्यांचें विवेचन छापलें. आपल्या पुण्याजवळच्या भोर संस्थानानें १८७९ मध्यें हातशिक्क्यानें उमटविलेलीं अर्ध्या आण्याचीं व एक आण्याचीं तिकिटें काढलीं. असल्या शिक्क्याची नक्कल करणें लबाडास अवघड नव्हतें. ग्वाल्हेरची गोष्ट निराळी. तेथें इंग्रज सरकारच्याच तिकिटांवर संस्थानाचें नांव इंग्रजींत व नागरींत छापलें जाई. या नागरी शब्दाची लांबी कांहीं तिकिटांवर तेरा-चौदा मिलिमीटर तर कांहींवर पंधरा. कोठें इंग्रजी नांवांतील ‘ओ’ च्या जागीं ‘सी’ पडलेला. साधें तिकीट घेऊन त्यावर तीं अक्षरें छापलीं कीं बनावट तयार! म्हणून अक्षरांची मापें घेणें, कोणती छपाई केव्हां झाली हें शोधणें, हेंच काम स्टुअर्ट-विल्सन यांनीं हातीं घेतलें. १९०७ मध्यें त्यांनीं हाउसबर्ग व क्रॉफ्टन यांच्यासह ब्रिटिश हिंदुस्थानच्या टपाल व तार तिकिटांवरचा मोठा ग्रंथ सिद्ध केला.

शिळाछापाचीं तिकिटें मात्र याहूनही अवघड होतीं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत खुद्द सरकारनेंच जुन्या ठशांवरून त्यांचीं पुनर्मुद्रणें केलीं होतीं, आणि तीं बाजारांत अस्सलांत मिसळलीं. कागदावर कंपनीच्या चिन्हाचें जलचिन्ह होतें खरें. पण तें सबंध तावावर पसरलेलें, त्यामुळें एकेका तिकिटावर त्याचा एखादा तुकडाच येई, कित्येकांवर तोही नाहीं. मग ओळखावयाचें कशावरून?

उत्तर दगडांतच होतें. मूळ ठशावरून खास कागदावर प्रती काढून त्या एकेक करून दगडावर चढवाव्या लागत. प्रत्येक वेळीं कोठें रेघ तुटे, कोठें ठिपका वाढे, कोठें कोपरा अंधुक होई. अर्ध्या आण्याच्या तावांत शहाण्णव तिकिटें. म्हणजे शहाण्णव जागा, आणि प्रत्येक जागेचें व्यंग आपापलें. एखाद्या जुन्या पत्रावर दोन तिकिटें जोडलेलीं सांपडलीं कीं हीं शेजारी होतीं एवढें कळतें. दुसऱ्या पत्रावर त्यांपैकीं एक आणखी तिसऱ्याशीं जोडलेलें मिळालें कीं तिघांची ओळ लागते. तावाची कड दिसली कीं ओळीचें टोंक सांपडतें. असे शेंकडों तुकडे भिंग घेऊन जुळवीत गेल्यास, जो सबंध ताव कोणीं पाहिला नाहीं तो पुन्हां उभा करतां येतो. मग कोणतेंही सुटें तिकीट हातीं आलें तरी ‘हें अमुक ओळींतलें अमुक’ असें सांगतां येतें, आणि ज्याला कोठेंच जागा मिळत नाहीं तें संशयित ठरतें.

हें काम तडीस नेणाऱ्यांत जंगलखात्यांतील ई. ए. स्मिदीज हे प्रमुख होते. वृक्षांचें व वन्य पशूंचें निरीक्षण करण्याची संवय असलेल्या या गृहस्थानें तीच नजर तिकिटाच्या रेघांवर धरली. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९२८ च्या सुमारास अर्ध्या आण्याच्या आणि १९३० च्या सुमारास चार आण्यांच्या तिकिटांवर ग्रंथ लिहिले, आणि सोसायटीनें ते छापले. चार आण्यांचे पहिले ताव बारा तिकिटांचे होते व पुढचे चोवीसांचे, मस्तकांचे व चौकटींचे दगड किती वेळां बदलले, हा सर्व हिशेब अशा जुळणींतून पक्का झाला. उलट्या मस्तकाचें तिकीटही त्या हिशेबांत आपल्या जागीं बसलें.

एका बाबतींत मात्र जुन्या सभासदांना दोष द्यावा लागतो. त्यांची पहिली पिढी तिकीट पाकिटावरून भिजवून सोडवी, वहींत लावी आणि पाकीट फेंकून देई. त्या पाकिटाबरोबर तारीख गेली, गांव गेलें, शिक्का अर्धा गेला. पेढ्यांच्या जुन्या पत्रव्यवहाराच्या थैल्याच्या थैल्या अशा रिकाम्या झाल्या. पाकिटाचें मोल पुढें कळलें. मुंबईचे जाल कूपर हे तिकिटांचे व्यापारी, पण ‘इंडियाज स्टॅम्प जर्नल’ हें मासिक चालवून त्यांनीं पुष्कळ माहिती प्रकाशांत आणली. १९४० नंतरच्या दशकांत हिंदुस्थानच्या जुन्या टपालशिक्क्यांवरचें त्यांचें पुस्तक निघालें, तेव्हां तिकिटाइतकाच त्यावरचा काळा शिक्काही पाहावयाचा असतो हें इकडच्या संग्राहकांस उमगलें. कोणत्या अंकाचा शिक्का कोणत्या गांवच्या कचेरीचा, हें ठरवावयास पत्तेवार लिफाफाच लागतो. सुटें तिकीट त्या कामीं मुकें असतें.

१ ऑक्टोबर १९५४ रोजीं हिंदी तिकिटास शंभर वर्षें झालीं. त्या निमित्तानें सरकारनें चार तिकिटें काढलीं आणि नव्या दिल्लीस मोठें प्रदर्शन भरलें. ज्या दगडांवर शंभर वर्षांपूर्वीं पहिले ताव छापले होते, त्यांची खरी हकीगत तोंपर्यंत छापील ग्रंथांत येऊन चुकली होती.