बांधावरच्या बाभळी

आमच्या बांधावर सात बाभळी होत्या. ट्रॅक्टर वळवताना आड येतात म्हणून वडिलांनी त्या तोडल्या, तेव्हा आजी दोन दिवस कुणाशी बोलली नाही. मला तो हट्ट वाटला. पुढे कॉलेजात असताना ‘आज्ञापत्र’ वाचलं आणि आजी आठवली.

रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५च्या सुमारास हा ग्रंथ लिहिला. आरमाराला लाकूड हवंच होतं, आंबा-फणसाचंही चाललं असतं. तरी अमात्य बजावतात, रयतेच्या या झाडांना हात लावू नका. ती वर्ष-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं अगदी जीर्ण झालंच, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन तोडावं.

यात माया आहे, तसा हिशोबही आहे. पीक एका पावसावर उभं असतं. झाडाची मुळं खोल गेलेली असतात. बाभळीचं लाकूड नांगराला, गाडीला लागायचं. उन्हाळ्यात गवत संपलं की तिच्या शेंगांवर शेळ्या-मेंढ्या जगायच्या. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे कोकणाकडे उतरायचे, पावसाच्या तोंडावर माघारी फिरायचे. वाटेत शेतकरी रानात मेंढरं बसवून घ्यायचे आणि खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे द्यायचे. झाड, जनावर आणि शेत, तिघांचा मिळून एकच व्यवहार होता.

१९७२च्या दुष्काळात रोजगार हमी योजना आली. १९९०मध्ये तिला फळबाग लागवड जोडली गेली. आमची दोन एकर बोरं तेव्हाचीच. शेळ्या कोवळे शेंडे खातात म्हणून कुंपण घातलं, ते बरोबरच होतं. पण झाडं मोठी झाली तरी कुंपण तसंच राहिलं. आमच्यापुरता तो व्यवहार तिथे तुटला. २०१४मध्ये देशाने शेतात झाडं लावण्याचं राष्ट्रीय धोरण केलं, तोवर आमचा बांध बोडका झाला होता.

गेल्या वैशाखात बोरांची छाटणी झाल्यावर मी फाटक उघडलं. माघारी निघालेला एक वाडा तीन रात्री बसला. मेंढरांनी छाटलेला पाला फस्त केला, जमिनीवर लेंड्यांचा थर पडला. निघताना म्हाताऱ्या मेंढपाळबाबांनी विचारलं, “हितल्या बाभळी कुटं गेल्या रं?”

मी गप्प. त्यांनीच मग लेंड्यांत पाहून बाभळीच्या चार बिया वेचून हातावर ठेवल्या. मेंढराच्या पोटातून आलेलं बी लवकर रुजतं म्हणाले.

पहिल्या पावसात मी त्या बांधावर टोकल्या. दोन उगवल्यात.