दोन टबांचं मशीन

आपण ज्याला ‘सेमी ऑटोमॅटिक’ म्हणतो, त्या दोन टबांच्या मशीनची जुनी मॉडेलं ब्रिटनमध्ये काही लोक हौसेनं जमवतात. दुरुस्त करून चालवतात, तुलना करतात. हूवरच्या मशीनची फिरणारी चकती टबाच्या बाजूच्या भिंतीला, हॉटपॉइंटचा दांडा मधोमध उभा.

हूवरचा मर्थर टिडफिलचा कारखाना १९४८ मध्ये सुरू झाला. तेव्हाच्या मशीनवर कपडे पिळायला हातानं फिरवायचे रूळ असत. पुढच्या दशकात शेजारी ड्रायरचा टब आला आणि मनगटं सुटली.

मला खरी मोलाची वाटते ती पाण्याची रीत. गरम साबणपाणी एकदाच करायचं. त्यात आधी पांढरे कपडे, मग रंगीत, शेवटी कामावरचे मळके. ड्रायरमधून निघालेलं साबणपाणीही परत टबात घेता यायचं. पण ओले, जड कपडे या टबातून त्या टबात टाकायला बाई तिथंच उभी! सोमवार हा तिकडचा धुण्याचा वार, तो काही चुकला नाही.

पूर्ण ऑटोमॅटिकला नळाचं पाणी लागतं. हे बादलीनं भरलं तरी चालतं, म्हणून आपल्या गावांत अजून हेच दिसतं. बादली आणणारी मात्र बहुधा घरची बाईच.