दारूचा महसूल आणि तरुणांचे मन

१८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुले यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध व्यवस्थापन समितीला पत्र लिहिले. दारूने नीती आणि आरोग्य दोन्ही नासतात, हे सांगून ते थांबले नाहीत. या दुकानांवर नगरपालिकेचा कर किती, हेही त्यांनी विचारले. व्यसनाचा प्रश्न त्यांनी सार्वजनिक पैशाशी जोडला, हे मला महत्त्वाचे वाटते.

१९५१ च्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या जाहीरनाम्यात बाबासाहेबांनी दारूबंदीला विरोध केला. महसूल बुडतो आणि घरोघरी दारू गाळली जाऊन ती मुलांपर्यंत पोहोचते, हा त्यांचा आक्षेप होता. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनीच दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली. यात विसंगती नाही. प्रतिज्ञा ज्याची त्याने पाळायची. तिजोरीचा हिशेब राज्यकर्त्यांनी द्यायचा. आपण प्रतिज्ञेची आठवण ठेवली, हिशेब मागायचे विसरलो.

तो हिशेब काय सांगतो? राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली आला, जिल्हा कार्यक्रम १९९६ साली. २०१७ च्या कायद्याने सरकारी मानसोपचार मिळणे हा हक्क ठरला. तरीही २०२३-२४ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात मानसिक आरोग्यासाठी थेट दाखवलेली रक्कम एकूण आरोग्य खर्चाच्या सुमारे एक टक्का होती आणि तिचा बहुतेक भाग बंगळूर व तेजपूरच्या दोन संस्थांकडे गेला. तालुक्याच्या वाट्याला काय उरणार?

२०२० पासून नशामुक्त भारत अभियान चालू आहे. आमच्या महाविद्यालयात शपथा होतात, प्रभातफेऱ्या निघतात. समुपदेशकाचे पद मात्र नाही. मी घरातला पहिला पदवीधर. रखडलेली शिष्यवृत्ती, वसतिगृहात जातीवरून मारलेले टोमणे आणि गावाकडच्या घराचा सगळा भार डोक्यावर घेऊन वर्गात बसणे म्हणजे काय, हे मला माहीत आहे. असा पोरगा गुत्त्याकडे वळला की वस्ती म्हणते, ‘बिघडला’. दवाखाना म्हणतो, ‘रोगी’. त्याचा अपमान कोणी केला, हे कोणीच विचारत नाही. म्हणून वेळेवर मिळणारी शिष्यवृत्ती आणि वसतिगृहातला समुपदेशक हाही व्यसनप्रतिबंधाचाच खर्च मानला पाहिजे.

महाराष्ट्राला दारूपासून दरवर्षी हजारो कोटींचा महसूल मिळतो. त्यातला ठरावीक हिस्सा तरुणांच्या मानसिक आरोग्यासाठी कायद्याने राखून ठेवावा आणि त्याचा जिल्हावार हिशेब जाहीर करावा, अशी मागणी चळवळीने केली पाहिजे. जोतीरावांनी कर विचारला होता. आपण खर्च विचारू.