पेपरवेट कुणाच्या दिशेने?

1964 साली महाराष्ट्राच्या विधानसभेत यवतमाळच्या आमदाराने अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट भिरकावला. आमदाराचं नाव जांबुवंतराव धोटे, वय तिशीच्या आसपास. सभागृहाने त्यांची आमदारकी काढून घेतली. मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. आमच्या यवतमाळात हा किस्सा अजूनही सांगतात, आणि सांगताना सांगणाऱ्याचा आवाज आपोआप चढतो.

किस्सा सांगताना एक गोष्ट मात्र बहुतेक वेळा सुटते. तेव्हा राज्याचे मुख्यमंत्रीही आमच्याच जिल्ह्याचे होते, पुसदचे वसंतराव नाईक. एकाच मातीतली दोन माणसं, एक सत्तेच्या खुर्चीत आणि एक त्या सत्तेच्या अंगावर जाणारा. जिल्ह्याला नेता कसा हवा, हा प्रश्न मला पडला की मी या दोघांकडे बघतो.

नाईक शांत. मुख्यमंत्री होण्याआधी ते लोकशाही विकेंद्रीकरण समितीचे अध्यक्ष होते. त्या समितीच्या 1961 च्या अहवालावर आपली जिल्हा परिषद उभी राहिली. 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. कलेक्टरला परिषदेबाहेर ठेवलं, आमदार-खासदारांनाही सदस्यत्व दिलं नाही. गावची शाळा, दवाखाना, रस्ता यांचा निर्णय गावातून निवडून आलेल्या माणसाने घ्यावा, हा त्यामागचा विचार.

त्याच 1962 मध्ये धोटे पहिल्यांदा आमदार झाले. पुढे विदर्भाला स्वतंत्र कृषी विद्यापीठ मिळावं म्हणून आंदोलन पेटलं. धोटे त्यात आघाडीवर होते. पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली. अखेर 1969 मध्ये अकोल्याला विद्यापीठ आलं, आज ते पंजाबराव देशमुखांच्या नावाने ओळखलं जातं. मागून मिळत नव्हतं ते भांडून मिळालं, पण त्याची किंमत रस्त्यावरच्या लोकांनी मोजली.

या आक्रमकतेची दुसरी बाजूही आहे. 1971 मध्ये धोटे फॉरवर्ड ब्लॉककडून नागपूरचे खासदार झाले, 1980 मध्ये तिथूनच इंदिरा गांधींच्या काँग्रेसकडून. 2002 मध्ये त्यांनी स्वतःचा पक्ष काढला. वेगळा विदर्भ काही झाला नाही. डरकाळी एका माणसाची होती, त्यामुळे त्या माणसाबरोबर तीही इकडून तिकडे फिरली. गावोगावी टिकेल अशी संघटना मागे उरली नाही.

धोटे 18 फेब्रुवारी 2017 ला गेले. त्याच वर्षी पावसाळ्यात आणि त्यानंतर जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात होते. विषय राज्यभर गाजायला ऑक्टोबर उजाडला. प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेची, कृषी अधिकारी पंचायत समितीत बसतात. म्हणजे पहिला रुग्ण आला तेव्हाच ‘कुठलं औषध, कुणी विकलं, परवाना कुणी दिला?’ असं सभेत ठणकावून विचारण्याची जागा जिल्ह्यातच होती. त्यासाठी मुंबई गाठायची गरज नव्हती.

आणि मग ती जागाच रिकामी झाली. मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यावर आपल्यासह राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा प्रशासकांच्या हाती गेल्या. निवडणुका घ्या, हे मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं. नाईकांनी कलेक्टरला बाहेर ठेवून जी संस्था उभारली, ती तीन वर्षांहून जास्त काळ एकाही निवडून आलेल्या सदस्याशिवाय अधिकाऱ्यांनी चालवली. ज्या गावांत मोबाईलच्या रिचार्जवरून भांडण होतं, तिथे आपलं मत गोठवलं म्हणून कुणाचा आवाज चढल्याचं मला आठवत नाही.

म्हणून मला आक्रमक नेते हवेत. पण आज आक्रमकता म्हणजे काय, ते आपण रील्समध्ये बघतो. नेता तलाठ्याला झापतो, मास्तरला दमात घेतो, कंत्राटी नर्सला कॅमेऱ्यासमोर रडवतो. खाली लाइक्सचा पाऊस. यात धाडस कसलं? समोरचा उलटून बोलू शकत नाही, हे नेत्याला आधीच माहीत असतं.

धोट्यांचा पेपरवेट चूकच होता. सभागृहात वस्तू फेकून प्रश्न सुटत नाहीत. पण तो वरच्या दिशेने गेला होता आणि फेकणाऱ्याने त्यासाठी आमदारकी गमावली. ही दोन मापं मी आजच्या प्रत्येक नेत्याला लावतो. हा कुणावर ओरडतोय, आणि ओरडल्यामुळे याचं स्वतःचं काय जाणार आहे?

पुढच्या वेळी मत मागायला कुणी दारात आलं, तर त्याला त्याचा व्हायरल व्हिडिओ विचारू नका. जिल्हा परिषदेच्या सभेत त्याने कोणता प्रश्न विचारला, उत्तर मिळेपर्यंत तो बसला का, आणि त्याच्याच पक्षाच्या पालकमंत्र्याला तो एकदा तरी नाही म्हणाला का, एवढं विचारा. सभेचं इतिवृत्त मागा. ते कागदावर असतं आणि माहिती अधिकारात मिळतं.