पालखीतला दुसरा शिवाजी, झाशीची दुसरी राणी : इतिहासातील प्रतिरूपांची कथा

१/ ‘स्टार वॉर्स : द फँटम मेनेस’ हा चित्रपट १९९९ साली प्रदर्शित झाला. त्यात नाबू ग्रहाची तरुण राणी अमिडाला शत्रूला चकवण्यासाठी एक युक्ती योजते. राजवस्त्रे, चेहऱ्यावरचा पांढरा लेप आणि जड शिरोभूषण साबे नावाची सखी धारण करते, तर खरी राणी ‘पद्मे’ या नावाने दासींच्या रांगेत उभी राहते. अखेरच्या संघर्षात शत्रू साबेलाच राणी समजून तिच्यामागे शिपाई धाडतो आणि त्याच क्षणी खरी राणी डाव उलटवते.

२/ ही कल्पना आकाशातून पडलेली नाही. जॉर्ज लुकास यांच्यावर जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांचा मोठा प्रभाव होता. कुरोसावांच्या ‘द हिडन फोर्ट्रेस’ (१९५८) या चित्रपटात वेश पालटून शत्रूच्या मुलखातून निसटणारी राजकन्या आहे. त्यांच्याच ‘कागेमुशा’ (१९८०) या चित्रपटात एका सरदाराच्या जागी बसवलेला प्रतिरूप पुरुष आहे. मराठी वाचकाला मात्र जपानपर्यंत जाण्याचे कारण नाही. पन्हाळा, आग्रा आणि झाशी ही तीन नावे पुरेशी आहेत.

३/ प्रथम शब्दाचा विचार. मराठीत दुसऱ्याचे रूप घेणाऱ्याला ‘तोतया’ म्हणतात आणि त्या शब्दाला फसवणुकीचा वास आहे. पानिपतावर (१७६१) पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव लावून एक इसम पुढे आला. त्याने कोकणात मोठे बंड उभारले आणि १७७६ साली पुणे दरबाराने त्याला देहदंड दिला. तो तोतया खरा. परंतु जो स्वार्थासाठी नव्हे, तर धन्याचा मृत्यू स्वतःवर ओढवून घेण्यासाठी धन्याचे रूप घेतो, त्याला काय म्हणावे? त्याच्यासाठी रूढ शब्दच नाही. येथे ‘प्रतिरूप’ हा शब्द योजला आहे.

४/ ही युक्ती साधत कशी असे? छायाचित्र नसलेल्या काळात शत्रूच्या सामान्य शिपायाने राजाचा चेहरा क्वचितच पाहिलेला असे. तो राजा ओळखत असे तो खुणांवरून : पालखी, जिरेटोप, पोशाख, भोवतीचा लवाजमा. राजेपण बरेचसे या खुणांत सामावलेले होते आणि खुणा एका अंगावरून दुसऱ्या अंगावर चढवता येत. चेहऱ्याचे साम्य असले तर उत्तम. नसले तरी अंधार, पाऊस आणि घाई ही कसर भरून काढत.

५/ पन्हाळा, १६६०. आदिलशाही सरदार सिद्दी जौहरने मार्चपासून गडाला वेढा घातला होता. राजापूरच्या इंग्रजांनीही तोफा आणून त्याला साहाय्य केले. भर पावसातही वेढा सैल पडेना, तेव्हा महाराजांनी शरणागतीची बोलणी सुरू केली. त्यामुळे पहारा काहीसा ढिला झाला. १२ जुलैच्या रात्री निवडक मावळ्यांसह महाराज गडाबाहेर पडले आणि विशाळगडाच्या वाटेला लागले.

६/ त्या रात्री पालख्या दोन होत्या, असे परंपरा सांगते. दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेशात बसले होते शिवा काशीद, पन्हाळ्याच्या पायथ्याच्या नेबापूरचे, नाभिक समाजातले. ती पालखी पकडली गेली. ‘शिवाजी सापडला’ या आनंदात छावणीतला काही काळ गेला. ओळख पटली तेव्हा शिवा काशीद यांना ठार करण्यात आले. मिळालेल्या त्या अवधीत महाराजांची पालखी पुढे सरकली होती. नंतर घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदल सेनेने प्राणपणाने पाठलाग अडवला, तो प्रसंग सर्वश्रुत आहे.

७/ आग्रा, १६६६. येथे प्रतिरूपाला चालायचे नव्हते, फक्त पलंगावर पडून राहायचे होते. महाराज पेटाऱ्यातून निसटले आणि त्यांच्या बिछान्यावर हिरोजी फर्जंद शेला पांघरून निजले. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत हा प्रसंग येतो. पुढे हिरोजी स्वतः उठून, महाराजांचे डोके दुखत असल्याचे पहारेकऱ्यांना सांगून बाहेर पडले. शिवा काशीद यांना जे लाभले नाही ते हिरोजींना लाभले : ते जिवंत परतले.

८/ झाशी, १८५८. चित्रपटातल्या कथेशी सर्वांत जवळचे साम्य इथे सापडते, कारण इथे राज्यकर्ती आणि तिचे प्रतिरूप दोघीही स्त्रिया आहेत. नेवाळकरांचे झाशी संस्थान दत्तक वारस नामंजूर करून १८५४ साली डलहौसीने खालसा केले होते. १८५७च्या उठावानंतर कारभार पुन्हा राणी लक्ष्मीबाईंच्या हाती आला. मार्च १८५८मध्ये सर ह्यू रोजने शहराला वेढा घातला. मदतीस आलेल्या तात्या टोपे यांचा बेतवेच्या काठी पराभव झाला आणि एप्रिलच्या आरंभी इंग्रज फौज शहरात घुसली.

९/ याच वेळी झलकारीबाई पुढे आल्या, अशी बुंदेलखंडाची श्रद्धा आहे. झाशीजवळच्या भोजला गावच्या, कोरी या विणकर समाजातल्या, राणीच्या स्त्रीदलातल्या सैनिक. त्यांचे पती पूरण हेही झाशीच्याच फौजेत होते. राणीशी त्यांचे रूप विलक्षण मिळतेजुळते होते. राणीचा वेश करून त्या थेट शत्रूच्या दिशेने गेल्या आणि इंग्रजांचे लक्ष तिकडे गुंतले असता खरी राणी किल्ल्याबाहेर पडली. त्यांच्या अखेरीविषयी मात्र एकमत नाही. कोणी त्यांना रणात वीरगती मिळाल्याचे सांगतात, कोणी त्या पुढे अनेक वर्षे जगल्याचे.

१०/ राणी स्वतःही वेशांतराला अपरिचित नव्हत्या. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे या वेढ्याच्या वेळी झाशीतच होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये राणींच्या पुरुषी पोशाखाचे वर्णन आहे. जून १८५८मध्ये ग्वाल्हेरजवळ कोटा-की-सराय येथे त्या लढल्या, तेही घोडेस्वाराच्या वेशात. घाव घालणाऱ्या इंग्रज स्वाराला आपण कोणाला मारतो आहोत हे उमगले नाही, असे सांगतात. म्हणजे झाशीत एक सामान्य स्त्री राणी म्हणून शत्रूपुढे गेली आणि ग्वाल्हेरला राणी एका सामान्य स्वाराप्रमाणे पडली.

११/ आता मूळ प्रश्न पुराव्याचा. तिन्ही कथांचे वजन सारखे नाही. सभासदाने हिरोजींची हकिकत लिहिली ती घटनेनंतर सुमारे तीस वर्षांनी, राजाराम महाराजांच्या काळात. शिवा काशीद यांची स्मृती मुख्यतः परंपरेने जपली. झलकारीबाईंची कथा कोरी समाजाच्या मौखिक परंपरेत राहिली आणि वृंदावनलाल वर्मा यांच्या १९४६ सालच्या ‘झाँसी की रानी’ या हिंदी कादंबरीने ती घरोघरी पोहोचवली. कादंबरी म्हणजे दस्तऐवज नव्हे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरता कामा नये.

१२/ परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. प्रतिरूपाचे यश त्याचे नाव लपण्यातच असते. ज्याचे काम ओळखू न येणे हेच होते, त्याचा उल्लेख कागदात शोधायचा आणि सापडला नाही म्हणून तो माणूसच नव्हता असे म्हणायचे, हा कोणता न्याय? शिवाय कागद कोणी लिहिले? राणीच्या भेटीस आलेल्या विद्वान भटजीला लेखणी होती. विणकर समाजातल्या सैनिक स्त्रीला, नाभिक समाजातल्या शिलेदाराला ती कोणी दिली होती? कागदाचे मौन हा नेहमीच घटनेच्या अभावाचा पुरावा नसतो. अनेकदा तो लेखणी कोणाच्या हाती होती याचा पुरावा असतो.

१३/ म्हणून दोन चुका टाळाव्या लागतात. ऐकलेले सर्व सिद्ध इतिहास म्हणून मांडणे ही पहिली. लिहिलेले नाही ते सर्व भाकडकथा म्हणून झटकणे ही दुसरी. ‘परंपरा असे सांगते’ या तीन शब्दांत प्रामाणिकपणाही आहे आणि आदरही.

१४/ पडद्यावर एका क्षणी पद्मे पुढे येऊन स्वतःची खरी ओळख जाहीर करते. साबेवरचे ओझे उतरते, ती पुन्हा साबे होते. शिवा काशीद यांना हा क्षण पालखीतून उतरल्यावर शत्रूच्या छावणीत मिळाला आणि तोच अखेरचा ठरला. आज पन्हाळ्यावर त्यांचा पुतळा आहे. झलकारीबाईंवर भारतीय टपाल खात्याने २००१ साली तिकीट काढले. ज्यांनी दुसऱ्याच्या नावाने मरण पत्करले किंवा पत्करण्याची तयारी ठेवली, त्यांना त्यांचे स्वतःचे नाव परत देणे एवढेच पुढच्या पिढ्यांच्या हाती उरते.