वेळ अमावस्या

मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, साजरा होणारा शेतकऱ्यांचा सण. ‘वेळा अमावस्या’, ‘येळवस’ अशीही नावे. सोलापूर, धाराशिव, लातूर हे जिल्हे आणि लगतचा उत्तर कर्नाटक हे त्याचे क्षेत्र.

या सुमारास रब्बीची ज्वारी, हरभरा, करडई ही पिके शिवारात उभी असतात. शेतात कडब्याची कोप (झोपडी) करून तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडतात. ते पांडव समजून त्यांची पूजा करतात. नैवेद्य दाखवल्यावर पिकावर आंबील शिंपडत शेताला फेरी घालतात.

ताकात ज्वारीचे पीठ घालून केलेली आंबील मडक्यातून शेतावर नेतात. अनेक भाज्या, ओले दाणे, चिंच आणि बेसन एकत्र शिजवून केलेली भज्जी हा जेवणातील मुख्य पदार्थ. सोबत बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. ज्यांना शेत नाही त्यांनाही आग्रहाने बोलावतात. सोलापूरच्या भवानी पेठेसारख्या शहरी वस्त्यांतील लोकही आप्तांच्या शेतावर जातात. ही पंगत सणाचा आत्मा होय.

हिवाळ्याच्या मध्यावर शेती आणि गुरांसाठी कृपा मागण्याची प्रथा इतरत्रही आढळते. ऑस्ट्रिया व बव्हेरियातील आल्प्सच्या परिसरात नाताळ ते ६ जानेवारीदरम्यानच्या रात्री शेतकरी घरात व गोठ्यात धूप फिरवतात.

लातूर जिल्ह्यात वेळ अमावस्येला स्थानिक सुट्टी दिली जाते.